जगातील थोर मल्ल, ऐन भरात!

गोरक्षनाथ निमसे यांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. त्यांच्यावर शाळेत एकदा मास्तरांनी उचलला होता, पण तो सतराच्या पाढ्यावरून, त्यामुळे त्याची गणना मुष्टियुद्धात करता येणार नाही. असे असूनही एकाहत्तर सालच्या मार्च महिन्यात जगातल्या सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी लावण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. कुणी सांगितले होते? कुणीही नाही. आपल्याकडची बरीचशी मोठी कामे अशी कुणी न सांगताच सुरू होतात आणि सगळ्यांनी सांगितल्याशिवाय थांबत नाहीत.

निमसे भिंगारला एका लष्करी कचेरीत वरिष्ठ कारकून होते. नगरकडे कारकुनाला 'भाऊसाहेब' म्हणायची रीत आहे, आणि निमसेंनी ती रीत फारच मनावर घेतली होती. चालणे, पान खाणे, वांग्यांवरून भाजीवालीशी हुज्जत घालणे, सगळे भाऊसाहेबांच्या इतमामात चाले. त्यांच्या भिंतीला भिंत लावून कमरुद्दीन टेलरांचे घर होते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे संसार आणि मशीनच्या वरच्या फळीवर रेडिओ. भाऊसाहेबांकडे रेडिओ नव्हता. घ्यायची ऐपत होती, पण भिंतीपलीकडे एक असताना दुसरा घेणे हा त्यांना राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय वाटे. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की घरच्या चहाचा कप हातात घेऊन ते कमरुद्दीनच्या ओट्यावर जाऊन बसत. कमरुद्दीन रेडिओ दाराशी आणून ठेवी आणि मग दोघे मिळून जगाचा निकाल लावीत. क्रिकेट असो, निवडणूक असो, कांद्याचा भाव असो, दोघांचे कधी एकमत झाल्याचे पेठेत कुणी ऐकले नव्हते. एकमत झाले असते तर दोघांनाही तो चहा गोड लागला नसता.

त्या मार्चमध्ये महंमद अली फ्रेझरकडून हरल्याची बातमी आली. कमरुद्दीनने त्या दिवशी एका सुभेदाराच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बिबीजानने, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवायला हाक मारली तर म्हणाला, "भूक न्हाई." अशा वेळी शेजाऱ्याने काय करावे? गप्प बसावे, फार तर उसासा टाकावा. भाऊसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "खरं सांगू का कमरुद्दीनभाई, अली मुळात तेवढा मोठा नव्हताच. मोठा म्हणजे जो लुई."

मशीन थांबली.

"भाऊसाहेब," कमरुद्दीन म्हणाला, "अलीला साडेतीन वर्सं खेळू दिलं न्हाई लोकांनी. घरी बसून हुता तो. त्याच्या भरातला अली उभा करा, मंग सांगा. तुमचा जो लुई पानी मागंल पानी."

"मग जो लुईसुद्धा त्याच्या भरातलाच घ्या की! सगळ्यांनाच भरातले घेऊ."

"घ्या ना. कोन नको म्हनतंय?"

इथे सगळी चूक झाली. 'भरातला' हा शब्द दोघांच्या मध्ये ओट्यावर येऊन पडला आणि भाऊसाहेबांच्या डोक्यात कचेरी उघडली. कुणाचा काळ वेगळा, कुणाचे वय वेगळे, पण प्रत्येकाला त्याच्या ऐन भरात उभा केला तर पहिला कोण, दुसरा कोण? एवढा महत्त्वाचा प्रश्न आजवर भिंगारमध्ये कुणी हाताळलेला नव्हता. क्रमवारी लावायची, ती नि:पक्षपातीपणे लावायची आणि चार लोकांना दिसेल अशी लावायची, असे त्यांनी त्याच बैठकीत जाहीर केले. कमरुद्दीनही खूश झाला, कारण नि:पक्षपातीपणाने अलीच पहिला येणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

घरी रतनबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यातला कुणी आपल्या ओळखीचा आहे का?"

"नाही."

"कुणाच्या पोरीचं लग्न जमवायचंय का त्यांच्याशी?"

"तुला कळायचं नाही ते."

"मला एवढं कळतंय, की माझी दोन पोलकी कमरुद्दीनभावजींकडं शिवायला पडलीत. ती हाती येईपर्यंत त्यांना दुखवू नका. मग कुणाला काय नंबर द्यायचा तो द्या."

इतका मोलाचा सल्ला त्या संपूर्ण प्रकरणात दुसऱ्या कुणी दिला नाही. पण बायकोने फुकट दिलेला सल्ला घेतला तर भाऊसाहेब कसले!

बाकीचे सल्ले छगनच्या हॉटेलात मिळाले. छगन स्वतः चहा कमी आणि मते जास्त उकळायचा. त्याचे म्हणणे पडले की यादीतल्या दहापैकी निदान एक माणूस आपल्या जिल्ह्यातला घ्यावा, म्हणजे लोक नाराज होणार नाहीत. तालमीचे वस्ताद कारभारी पैलवान कोपऱ्यात दूध पीत बसले होते. यात्रेतल्या कुस्त्यांचे पंच म्हणून पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले. त्यांनी मूळ खेळावरच हरकत घेतली.

"हाताला गाद्या कशापायी बांधत्यात?"

"लागू नये म्हणून," भाऊसाहेबांनी सांगितले.

"लागू नये म्हनून? मंग मारत्यात कशाला?"

भाऊसाहेबांनी घाईने चौथ्या क्रमांकाच्या उमेदवाराचे नाव वाचून दाखवले: शुगर रे रॉबिन्सन. ते ऐकताच कारभाऱ्यांनी ग्लास खाली ठेवला. "शुगर? कुठल्या कारखान्याचा?"

आता आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने पैलवान बाळगतात, त्यांना खुराक देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. तो अमेरिकेचा आहे, असे भाऊसाहेबांनी परोपरीने सांगितले. "म्हंजी खासगी कारखाना," असे म्हणून कारभाऱ्यांनी मान डोलावली आणि विषय संपवला.

क्रमवारी तयार झाली. ती लावायची कुठे? वाचनालयाच्या दर्शनी भागात एक काळा फळा होता. त्यावर सुविचार आणि निधनवार्ता एवढेच लिहिले जाई, आणि दोन्ही लिहीत वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त हेडमास्तर डावरे. डावरे मास्तरांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि नियम दगडासारखे. त्यांनी भाऊसाहेबांना अर्ज करायला लावला. अर्जात 'बॉक्सिंग' हा शब्द होता म्हणून तो परत आला. दुसऱ्या अर्जात 'मुष्टियुद्ध' आले, पण विषय सुविचारात बसतो की निधनवार्तेत, हे स्पष्ट नव्हते. भाऊसाहेबांनी विचार करून कळवले की यादीतले एक गृहस्थ वारलेले आहेत, दोन निवृत्त आहेत आणि बाकीच्यांकडून तरुणांनी काही शिकण्यासारखे आहे. कार्यकारिणीने 'समाजप्रबोधन' या सदराखाली पाडव्यापासून यात्रा संपेपर्यंत फळा मंजूर केला. फळ्यावर मात्र मास्तर स्वतःच लिहिणार होते.

भाऊसाहेबांनी दिलेला मजकूर असा होता: 'आपापल्या ऐन भरात असताना जगातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धे कोण? एक गुणानुक्रम.' मास्तरांनी फळ्याची रुंदी पाहिली. 'मुष्टियोद्धे' हा शब्द ओळीच्या शेवटी तुटत होता, आणि शब्द तोडणे हे मास्तरांच्या लेखी गोहत्येच्या खालोखाल होते.

"मल्ल लिहू," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मल्ल म्हणजे कुस्तीवाले."

"कृष्ण-बलरामांनी मारले ते चाणूर आणि मुष्टिक. दोघेही मल्लच. मुष्टिकाचे नाव मुष्टिक का, याचा विचार केलात कधी?"

भाऊसाहेबांनी केला नव्हता. पाडव्याच्या सकाळी फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात उमटले:

जगातील थोर मल्ल
ऐन भरात!
नं. १ – जो लुई
नं. २ – रॉकी मार्सियानो
नं. ३ – महंमद अली
नं. ४ – शुगर रे रॉबिन्सन

आणि असे खाली दहापर्यंत. उद्गारचिन्ह मास्तरांनी पदरचे घातले होते.

कमरुद्दीन दुकानासाठी बटणे आणायला बाजारात निघाला होता. तो फळ्यासमोर थांबला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग नंबर एक वाचला, मग दोन, आणि तीनवर त्याचा चेहरा असा झाला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाने "कोन वारलं?" असे हळूच विचारले.

त्या संध्याकाळी भाऊसाहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर ओट्यावर रेडिओ नव्हता. तो आत फळीवर होता, आणि दारावर पडदा ओढलेला होता. पडद्याआडून बातम्या ऐकू येत होत्या, पण शब्द लागत नव्हते. भाऊसाहेब थोडा वेळ ओट्यापाशी घुटमळले, खाकरले, चहा थंड होईपर्यंत उभे राहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी ते कप न घेता नुसतेच बाहेर आले, उगाच आकाशाकडे पाहिले आणि आत गेले.

मनाशी ते म्हणत, शेजारधर्म वेगळा आणि गुणानुक्रम वेगळा. मार्सियानो एकदाही हरला नाही, त्याला मी तीनवर कसा टाकू? तत्त्व म्हणजे तत्त्व. पण तत्त्वाला चहा पाजता येत नाही आणि तत्त्व आपल्याशी भांडतही नाही. रोजची संध्याकाळ त्यांना खायला उठू लागली. रतनबाई आणि बिबीजान यांचे भिंतीवरून पूर्वीसारखेच चालू होते. इकडून आमटी तिकडे जात होती आणि तिकडून शिरखुर्मा इकडे येत होता. त्या दोघींना जगातल्या पहिल्या क्रमांकाबद्दल काहीच वाटत नव्हते. पोलकी मात्र आली नाहीत. रतनबाईंनी एकदाच "सांगितलं होतं" असे म्हटले, आणि एकदाच म्हटले म्हणून ते जास्त लागले.

एवढ्यावर भागले असते तरी बरे होते. पण फळा वाचनालयात येणाऱ्या चार म्हाताऱ्यांसाठी नव्हता. तो रस्त्यावर होता, आणि बाजारच्या दिवशी त्या रस्त्याने अर्धा तालुका जातो.

आता जरा लक्ष द्या. चैत्र लागलेला. माळावरच्या भैरवनाथाची यात्रा तोंडावर आलेली. यात्रेत दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा असतो, आणि हगाम्याच्या जाहिराती त्याच सुमारास भिंतीभिंतींवर लागतात. जाहिरातीत नंबर एकची कुस्ती, नंबर दोनची कुस्ती, अशी पैलवानांची नावे असतात. अशा वेळी फळ्यावर 'जगातील थोर मल्ल' वाचले, खाली 'ऐन भरात!' वाचले आणि पुढे नंबरवार नावे वाचली, तर कुठलाही शहाणा माणूस काय समजेल? यात्रा ऐन भरात आली की हे मल्ल मैदानात उतरणार, हेच समजेल. डावरे मास्तरांच्या उद्गारचिन्हाने राहिलासाहिला संशयही फेडला.

पहिल्यांदा नेवाशाकडचे एक शिष्टमंडळ भाऊसाहेबांच्या दारात आले. सोबत सहादेव नावाचा एक पैलवान होता. तो दारातून आडवा होऊन आत आला आणि खुर्ची वाचवण्यासाठी रतनबाईंनी त्याला सतरंजी दिली.

"भाऊसाहेब, आमच्या सहादेवाला जोड द्या," पुढारी म्हणाला. जोड म्हणजे कुस्तीतला जोडीदार. "नंबर एक नको. ज्यादा व्हईल. पाचवा चालंल."

"अहो, ते इथे नाहीत."

"यात्रेपत्तुर येतील ना?"

"ते अमेरिकेत आहेत!"

"लांबून यायचं म्हंजी टाईम लागनारच. आमी थांबतो."

भाऊसाहेबांनी समजावले की ही नुसती यादी आहे, गुणांची यादी. शिष्टमंडळाने समंजसपणे मान डोलावली. बाहेर पडताना पुढारी कुजबुजलेला त्यांनी ऐकला: "भिंगारवाले लई आतल्या गाठीचे. सोताच्या पैलवानाला घुसवायचं हाय त्यांना."

दुसऱ्या दिवशी एका साखर कारखान्याचा माणूस आला. दुसऱ्या कारखान्याच्या शुगर रेला चौथा नंबर आणि आमच्या पैलवानाचे नावच नाही, हा काय न्याय? त्यानंतर कचेरीत साहेबांनी बोलावून विचारले, की यात्रेत तुम्ही कसला तंबू लावताय? आणि मग हवालदार आला. तो सज्जन होता, पण त्याच्या हातात कागद होता.

"परदेशी माणसं आली की नोंद करावी लागती, भाऊसाहेब. त्यात ही छावणीची हद्द. हे जो लुई उतरलेत कुठं?"

"कुठेही उतरलेले नाहीत."

"म्हंजी लपवून ठिवलेत?"

"हवालदार, मी सरकारी नोकर आहे!"

"म्हनून तर इचारतोय." त्याने यादी उतरून घेतली. दोन नंबरच्या पुढे भाऊसाहेबांनी स्वतःच सांगितले, "हे वारलेत." हवालदाराने पेन्सिल थांबवली, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि लिहिले, 'नं. २ मयत. कारण समजले नाही.'

भाऊसाहेब धावत डावरे मास्तरांकडे गेले. फळा पुसा म्हणाले. मास्तर म्हणाले, मंजुरी यात्रा संपेपर्यंतची आहे; मुदतीआधी पुसायचा तर कार्यकारिणीची सभा बोलवावी लागेल, आणि सभेचे सगळे सदस्य यात्रेच्या तयारीला लागलेत. शब्द तरी बदला, असे भाऊसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "शुद्धलेखनाची चूक आहे का?" मास्तरांनी विचारले. चूक नव्हती. ते सगळे कमरुद्दीनला सांगावे, दोघांनी मिळून पोट धरून हसावे, असे त्यांना त्या क्षणी फार वाटले. पण पडदा ओढलेलाच होता.

हगाम्याच्या दिवशी माळ फुलून गेला. बैलगाड्या, सायकली, ट्रकच्या टपावर माणसे. शेव-रेवडीच्या दुकानांपासून मैदानापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. लहान कुस्त्या झाल्या, मधल्या झाल्या. मग कुणीतरी ओरडले, "आता नंबर एक आना!" आणि मैदानाने तो ठेका धरला. "जो लुई! जो लुई!" भिंगारच्या माळावर हे नाव एवढ्या प्रेमाने पूर्वी कधी घेतले गेले नसेल. भाऊसाहेब सुटी काढून घरात दडून बसले होते. त्यांना कारभारी पैलवानांची माणसे काखेत हात घालून घेऊन आली. पायांत चपला राहिल्या नव्हत्या. लाल मातीत ते कडक इस्त्रीच्या पँटीत उभे राहिले आणि त्यांच्या हातात कर्णा देण्यात आला.

"मंडळी," ते म्हणाले, "जो लुई थोर होता, यात वाद नाही. पण तो त्याच्या भरात. आता तो म्हातारा झालाय."

"म्हातारा झालाय तर बोलावला कशाला?" मागून आवाज आला.

"बोलावला नाही! क्रमांक दिलाय! आता दोन नंबरचा मार्सियानो, तो तर वारला."

एवढे बोलल्यावर एक म्हातारा उठून उभा राहिला. "मेलेल्या मानसाला दोन नंबर देता? आन् आमची जित्ती पोरं घरी बसवता?"

"आन् अली?" दुसरा कुणी ओरडला.

"अली... अली परवाच हरला."

यानंतर जे झाले त्याला इंग्रजी वर्तमानपत्रे काय म्हणतात कोण जाणे; आपल्याकडे त्याला गलका म्हणतात. रेवड्या उडाल्या. एक चप्पल आली, तीही भाऊसाहेबांच्या मापाची नव्हती. लोकांना शांत करण्यासाठी त्यांनी उजवा हात उंच केला आणि "ऐका, ऐका!" करीत ते मैदानात पुढे चालू लागले.

हगाम्यात हात वर करून चालणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हात खिशात ठेवावा. ज्या पैलवानाला जोड मिळालेली नसते तो असाच हात वर करून मैदानात फिरतो: या, माझ्याशी कोण लढतो? ज्याची हिंमत असेल तो येऊन त्या हाताला हात लावतो. हात लागला की जोड ठरली, मग देवालाही ती मोडता येत नाही. भाऊसाहेब चार पावले चालले असतील नसतील, नेवाशाचा सहादेव मातीत उतरला आणि त्याने आदबीने त्यांच्या हाताला हात लावला.

हलगी कडाडली. भाऊसाहेबांना काय झाले ते कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा कुणीतरी त्यांचा शर्ट काढून घेत होते.

"भाऊसाहेब, घाबरू नगा," सहादेव कानाशी म्हणाला. "हळूच आपटतो."

भाऊसाहेबांनी गर्दीवरून नजर फिरवली. कचेरीतली माणसे दिसली, छगन दिसला, हवालदार दिसला. सगळी हसत होती. एवढ्या मोठ्या मैदानात आपल्या बाजूचा एकही माणूस नाही, हे त्यांना लख्ख कळले, आणि आपटले जाण्यापेक्षा तेच जास्त लागले.

"थांबा!"

गर्दी फोडून कमरुद्दीन मातीत उतरला. गळ्यात अजून टेप होती, कानावर खडू होता. तो सरळ कारभाऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"पंच, ही जोड व्हनार न्हाई. ह्यांची जोड आधीच लागलेली हाय."

"कुनाशी?"

"माझ्याशी."

"कवापास्नं?"

"पाडव्यापास्नं. भिंगारात कुनालाबी इचारा."

"खरं हाय!" भिंगारकर एका आवाजात ओरडले. पेठेत कुणाला ठाऊक नव्हते! कारभाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. आधी लागलेली जोड आधी लढणार, हा नियम होता. सहादेव दोन पावले मागे सरला, थोडासा सुटल्यासारखा.

"आता मात्र लढावं लागंल," कारभारी म्हणाले. "माती मळलीया."

अशा रीतीने एकाहत्तर सालच्या हगाम्यात नंबर एकची कुस्ती भिंगारचे वरिष्ठ कारकून आणि भिंगारचे टेलर यांच्यात लागली. दोघांचे वय मिळून शंभरीच्या आसपास. भाऊसाहेबांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कमरुद्दीनचा पायजमा नाडीने दोनदा आवळलेला. दोघांनी एकमेकांच्या मानेत हात घातले, डोक्याला डोके लावले आणि तसेच उभे राहिले. हलगीवाला जीव तोडून वाजवत होता, म्हणून त्या दोघांचे बोलणे कुणाला ऐकू गेले नाही.

"तीन?" कमरुद्दीन दात आवळून म्हणाला. "अलीला तीन?"

"मान सोडा आधी, कमरुद्दीनभाई."

"मेलेल्या मानसाच्या खाली?"

"तो एकदाही हरला नव्हता! मान!"

"पाय कशाला मागं घेता? लोक बघत्यात. जरा रेटा मला."

भाऊसाहेबांनी रेटले. कमरुद्दीन अर्धा वळसा फिरला आणि त्याने भाऊसाहेबांना कमरेत धरले. मैदानात "व्वा!" झाले.

"बरं, एक देतो," भाऊसाहेब धापा टाकीत म्हणाले. "उद्या मास्तरांना सांगून अलीला एक नंबर देतो. झालं?"

कमरुद्दीनने त्यांना असा हिसका दिला की दोघेही गुडघ्यावर आले. "मला न्हाई पायजे भिऊन दिल्याला नंबर! तुला पटंल तवाच दे!"

इतक्या वर्षांत कमरुद्दीनने त्यांना कधी अरे-तुरे केले नव्हते. भाऊसाहेबांना ते लागायला हवे होते. पण लागले नाही.

"मग तुला काय पाहिजे काय?" तेही ओरडले.

"ओट्यावर का आला न्हाईस?"

"तू रेडिओ आत नेलास!"

"मंग आत यायचं हुतंस! पडदाच हुता ना? कुलूप हुतं का?"

पडद्यापाशी उभे राहून भाऊसाहेब थंड चहा घेऊन परतले होते आणि पडदा बाजूला सारायचे त्यांच्या एकदाही मनात आले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. घाम होता म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. कमरुद्दीनचेही तसेच काहीसे झाले असावे, कारण त्याने भाऊसाहेबांची मान सोडली नाही, पण आवळणे थांबवले.

पुढचा बराच वेळ दोघे तसेच एकमेकांना धरून मातीत गुडघ्यावर बसून होते. कोण कुणाला पाडतोय हे कळेना, म्हणून लोक आधी ओरडले आणि मग हसायला लागले. हसता हसता जो लुई विसरले. शेवटी कारभारी पैलवानांनी मध्ये येऊन दोघांना सोडवले, दोघांचे हात एकदम वर केले आणि जाहीर केले, "बरोबरीत!" फेटे उडाले. नेवाशाच्या पुढाऱ्याने कबूल केले, की भिंगारवाल्यांनी लपवून ठेवलेली जोड चांगली होती.

ऊन कलायच्या वेळी दोघे माळावरून घरी निघाले. अंगभर लाल माती, एकाचा शर्ट हरवलेला, दुसऱ्याच्या टेपचे दोन तुकडे झालेले. भाऊसाहेबांनी मार्सियानोचा हिशेब पुन्हा काढला. कमरुद्दीनने तो अलीसमोर किती फेऱ्या टिकला असता हे हातवारे करून दाखवले. "तुला खेळातलं काही कळत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "तुला तर मानसातलं बी कळत न्हाई," कमरुद्दीन म्हणाला. पेठेच्या कोपऱ्यापासूनच दोघांचे आवाज घरापर्यंत पोहोचले, आणि दोघींनी आपापल्या स्वयंपाकघरातून कान टवकारले. रतनबाईंनी चहाचे आधण ठेवले. बिबीजान दारात आली, तिने दोघांना नखशिखांत न्याहाळले, तोंडावर पदर घेतला आणि विचारले, "कोन पडलं वो?"

"हा!" दोघेही एकदम म्हणाले, एकमेकांकडे बोट दाखवून, आणि भांडत भांडतच ओट्यावर बसले.